दोन फायलींच्या मधे पडलेली गावं

सबनीसनं शोभाला फसवलं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कोणाला शंका राहायला नको.

सबनीस म्हणजे पुण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीचा लातूरमधला मॅनेजर. नाव मी बदललंय, माणूस बदललेला नाही. शोभा ही माझी ऑपरेटर, मूळची मुदखेडची. आणि मी नांदेडचा. तिथं वजिराबादेत टाइपरायटर दुरुस्त करत होतो, मग टायपिंगचे क्लास काढले, मग कॉम्प्युटर आले तेव्हा पोरापोरींना ते शिकवून कंपन्यांना ऑपरेटर पुरवायला लागलो. कोणी हात धरून वर आणलेलं नाही. त्यामुळं भाव करताना मी हटत नाही आणि डोकं फिरलं की आवाज चढतो. दोन्ही गोष्टी या प्रकरणात कामाला आल्या नाहीत.

त्या दिवशी मी लातूरच्या ऑफिसात प्रिंटरच्या रिबनीवरून सबनीसशी भांडत होतो. तेवढ्यात जिन्यावरून बायकांचा आवाज आला. चारपाच जणी वर आल्या. पुढच्या बाईनं रिकामी घागर सबनीसच्या टेबलावर, त्याच्या कागदांच्या बरोबर मधोमध ठेवली. तिचं नाव कौसाबाई. खडकवाडीची. या गावाचं नावही मी बदललंय.

"साहेब, आमचा टँकर का म्हणून बंद केला?"

"बाई, टँकर आम्ही सोडत नाही. आम्ही फक्त यादी ठेवतो."

"त्येच. यादीत न्हाई म्हणून टँकर न्हाई, असं सांगितलं आमाला. अहमदपूरला गेलाव, तर तिथला साहेब म्हन्तो, तुमचं गाव आता चाकूरला गेलं. चाकूरला गेलाव, तर तिथला म्हन्तो, आमच्याकडं आलंच न्हाई. मंग आमी हाव कुठं?"

सबनीस हसला. वाईट हसला असं नाही, दमलेला हसला. "नवीन तालुका होतोय, थोडी गडबड होणारच. दोन दिवस द्या."

"दोन दिस पानी न पिता बसावं म्हन्ता? तुमी बसून दावा आदी. आमी हितंच थांबतो बघायला."

मागच्या बायका हसल्या. सबनीसनं माझ्याकडं पाहिलं. मी घागरीकडं पाहिलं. आत तळाला नुसती माती होती.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. लातूर जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, पण तालुक्यांची मोडतोड अजून चालू होती. अहमदपूर तालुक्यातली काही गावं काढून नव्या चाकूर तालुक्यात घालायची होती. त्यातच दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, कुठल्या गावाला रोज किती खेपा पाणी जाणार याची यादी तालुक्याप्रमाणं कॉम्प्युटरवर ठेवायची, आणि दुपारी ती छापून तालुक्याला पाठवायची. हे काम पुण्याच्या कंपनीकडं होतं. कंपनीनं ऑपरेटर माझ्याकडून घेतले होते.

आजच्यासारखा कॉम्प्युटर डोळ्यांपुढं आणू नका. एक मोठं मशीन बंद खोलीत, आणि त्याला वायरीनं जोडलेले बारा टर्मिनल बाहेर हॉलमधे. टर्मिनल म्हणजे नुसता काळा पडदा आणि कीबोर्ड. माऊस नाही, चित्रं नाहीत. यादी लिहायचं साधन व्हीआय नावाचं. ते पूर्ण बोटांवर चालायचं. डी दोनदा दाबला की ओळ कापली जायची. पी दाबला की कापलेली ओळ खाली चिकटायची. एका तालुक्याची एक फाइल. अनेक फायली एकदम उघडता यायच्या, पण पडद्यावर एका वेळी एकच दिसायची. कोलन दाबून एन दाबला की पुढची फाइल समोर यायची आणि आधीची नजरेआड जायची.

शोभाला यातलं सगळं यायचं. ती नांदेडला बी.एस्सी. झालेली, वडील रेल्वेत होते. बोलायला तिखट. माझ्या क्लासमधे पहिल्या आठवड्यातच मला म्हणाली होती, "सर, तुम्ही शिकवता त्यापेक्षा पुस्तकात सोपं दिलंय." तेव्हाच मी ठरवलं की ही पोरगी कामाची आहे.

कौसाबाई सबनीसशी बोलत होती तेवढ्यात शोभानं तिच्या टर्मिनलवर गावाचं नाव शोधलं. अहमदपूरची फाइल, सापडलं नाही. चाकूरची फाइल, सापडलं नाही. तिनं मान वर केली.

"सर, गाव दोन्हीकडं नाही. आणि खडकवाडी एकटीच नाही. तिच्याजवळची पाच गावंही नाहीत."

सबनीस उठून तिच्यामागं जाऊन उभा राहिला. "नीट बघ."

"नीटच बघितलं. अहमदपूरमधून निघालीत, चाकूरला पोचली नाहीत."

सहा गावं. दोन्ही तालुक्यांतल्या लोकांना वाटत होतं की ती दुसऱ्याच्या यादीत आहेत. जुन्या जिल्ह्याच्या काळापासूनची सवय होती ती. गाव दिसलं नाही की पलीकडं गेलं असणार, असं धरून चालायचं. म्हणून कोणी ओरडलं नाही. ओरडली ती घागर घेऊन आलेली बाई.

तिथून पुढं जे झालं ते मात्र चांगलं झालं, तेही सांगतो. शोभानं जुनी छापील यादी काढून सहाच्या सहा ओळी चाकूरच्या फाइलमधे परत टाइप केल्या. सबनीस स्वतः फोनवर बसला. लाइन लागत नव्हती, तर हा माणूस खाली पोस्टात धावत गेला आणि तिथून तालुक्याला बोलला. परत आला तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता. "संध्याकाळपर्यंत टँकर जाईल," म्हणाला.

कौसाबाईनं घागर उचलली. जाताना शोभाच्या टर्मिनलपाशी थांबली. "माय, ह्या डब्यात आमचं गाव परत बसलं का पक्कं?"

"बसलं, मावशी. आता हलत नाही."

"हलू देऊ नको. लई म्हातारे कोतारे हायत गावात."

टँकर संध्याकाळी गेला. पाण्याचा प्रश्न तिथं मिटला. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहिला, तो म्हणजे हे केलं कोणी.

यादीचं काम ज्यांच्यासाठी चालत होतं त्या अधिकाऱ्यांचा सकाळीच फोन आला. जबाबदार कोण, लेखी कळवा. सबनीसनं आमच्या समोरच उत्तर दिलं, "ऑपरेटरची चूक आहे, सर. फाइल शेवटची तिच्या नावावरून सेव्ह झालीय. कारवाई करतो."

फोन ठेवल्यावर शोभा शांतपणं म्हणाली, "तालुका फोडायचा होता त्या दुपारी माझ्या टर्मिनलवर तुम्ही बसला होता, सर. मी प्रिंटरमधे अडकलेला कागद काढायला गेले होते."

"मग लॉगआउट का नाही केलंस?"

"तुम्हीच सांगितलंय लॉगआउट करायचं नाही म्हणून. परत आत यायला मशीन वेळ घेतं, म्हणून."

हे खरं होतं. ही ताकीद सगळ्या हॉलला होती, मी स्वतः ऐकली होती. मी मधे पडणार होतो, पण तिनं हातानं थांबवलं.

सबनीस म्हणाला, "बरं, बसलो होतो मी. यादी न्यायला आलेली जीप खाली हॉर्न वाजवत होती, तालुक्याचा फोन कानाला होता. पण मी व्यवस्थित केलं. सहा ओळी कापल्या, फाइल सेव्ह केली, चाकूरची फाइल उघडली, पी दाबला, सेव्ह केलं. पुण्यात हजार वेळा केलंय. दाखवतो."

तो बसला. एक खोटी फाइल केली, दुसरी खोटी फाइल केली. पहिलीतून ओळ कापली. सेव्ह. कोलन, एन. दुसरी फाइल आली. पी दाबला.

काही झालं नाही.

परत दाबला. पडदा जसाच्या तसा.

वाचकांसाठी हे सोपं करून सांगतो, कारण सगळं प्रकरण एवढ्याशा गोष्टीवर आहे. व्हीआयमधे कापलेली ओळ एका खिशात जाते. हा खिसा फुकटचा, न मागता मिळालेला. पण आमच्याकडं जी जुनी व्हीआय होती, तिच्यात तुम्ही एका फाइलमधून दुसरीत गेलात की हा खिसा रिकामा व्हायचा. ओळ दुसऱ्या फाइलमधे न्यायची असेल तर खिशाला नाव द्यावं लागायचं, ए किंवा बी किंवा काहीही. नाव दिलेला खिसा फाइल बदलली तरी भरलेला राहतो. पुण्याच्या ऑफिसात व्हीआयच्या जागी नवीन साधन होतं. त्यात बिननावाचा खिसाही टिकायचा. सबनीसची बोटं तिथली होती, मशीन इथलं होतं.

खिसा रिकामा असताना पी दाबला की टर्मिनल टूं करून वाजतं. ते वाजलं असतं तर फोन कानाला असूनही त्याला कळलं असतं. पण बारा टर्मिनल दिवसभर वाजतात, डोकं दुखतं, म्हणून सबनीसनंच सगळ्यांची बेल बंद करायला लावली होती. शोभा तेव्हा म्हणालीही होती, बेल राहू द्या. आणि कापल्यावर लगेच सेव्ह केलेलं, त्यामुळं पहिल्या फाइलमधूनही ओळी कायमच्या गेल्या. गावं एका घरातून निघाली आणि रस्त्यातच संपली.

शोभाची स्वतःची पद्धत वेगळी होती. ती आधी कापायचीच नाही. आधी नाव दिलेल्या खिशात कॉपी, मग दुसऱ्या फाइलमधे चिकटवायचं, सेव्ह, मग परत जाऊन डोळ्यांनी खात्री आणि त्यानंतर जुनी ओळ काढायची. तीन बटणं जास्त लागायची. सबनीस तिला त्यावरून टोकायचा, "शोभा, तू फार वेळ लावतेस."

सबनीसनं आणखी एकदा पी दाबून बघितला. मला वाटलं, आता ही पोरगी त्याला सुनावणार. तिनं सुनावलं नाही.

"माझ्याकडूनही असंच झालं होतं, सर," ती म्हणाली. "पहिल्या महिन्यात. फक्त त्या फाइलमधे गावं नव्हती."

सबनीस उठला. "खाली चहा घेऊ," एवढंच म्हणाला.

चहाच्या टपरीवर आम्ही तिघं उभे होतो. सबनीसनं चहाला तोंड न लावताच बोलायला सुरुवात केली. मॅनेजरची चूक लेखी गेली तर कंपनीचं काम जाणार, काम गेलं तर त्याची नोकरी जाणार. बायकोला नुकतीच मुलगी झाली होती, दोघी पुण्यात. हे सगळं त्यानं सांगितलं. खोटं नव्हतं ते. मी त्याच्या टेबलावरचा फोटो पाहिला होता.

"शोभा म्हणते ते खरं आहे," तो मला म्हणाला. "माझ्याकडून झालं. पण मला ते लिहायला लावू नका."

"मग काय लिहिणार?"

"अनवधानानं झालेली चूक, कोणा एकाची नाही. कोणाचं नाव नाही. फक्त शोभाला इथून जावं लागेल. कोणीतरी गेलेलं दिसलं पाहिजे त्यांना."

माझं डोकं फिरलं. "कोणीतरी म्हणजे हीच का? तुम्ही जा ना!"

टपरीवाला बघायला लागला. शोभा म्हणाली, "सर, हळू." मग सबनीसकडं वळून म्हणाली, "नांदेडला एका सरकारी पोस्टसाठी माझी मुलाखत आहे. त्यांना अनुभवाचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते जिथं काम केलं त्या कंपनीचंच. ते तुम्ही द्यायचं. चांगलं, स्वच्छ. त्यात या प्रकरणाचा एक शब्द नको. मी स्वतःहून सोडते."

"देतो. नक्की देतो."

"आणि बेल चालू करायची. सगळ्या टर्मिनलची."

सबनीस एवढ्यातही हसला. "करतो."

मी धंद्यातला माणूस. मी म्हणालो, "आत्ता लिहून द्या. कागद वरच आहे, टाइपरायटर आहे, मी स्वतः टाइप करतो."

"हेड ऑफिसच्या लेटरहेडवर द्यावं लागतं. आठवडा द्या. शब्द देतो मी."

"शब्दाचं मी काय करू? मुलाखतीला शब्द नेऊ का?"

शोभानं माझी बाही ओढली. बाजूला घेऊन म्हणाली, "राहू द्या, सर. घाबरलाय तो. घरी लहान लेकरू हाय. आपण दाबलं तर उगी आणखी वेडंवाकडं करून बसायचा."

मी सौदा सोडला तो तिच्या सांगण्यावरून. तिच्याच आयुष्याचा सौदा होता, तिचा अधिकार होता. अधिकाऱ्यांसमोर आम्ही दोघांनी तोंड उघडलं नाही. तिनं राजीनामा दिला, सामान घेतलं आणि एस.टी.नं मुदखेडला गेली. पुढच्या आठवड्यात मी ऑफिसात गेलो तर हॉलमधे बारा टर्मिनल टूं टूं करत होते. म्हणजे दोन बोलांपैकी एक तरी त्यानं पाळला.

सर्टिफिकेट पोस्टानं आलं, मुलाखतीच्या अगदी तोंडावर. लेटरहेड छान होतं. काम केल्याचा काळ बरोबर होता. शेवटची ओळ अशी होती: 'कामातील गंभीर निष्काळजीपणामुळे सेवा समाप्त करण्यात आली.' खाली सबनीसची सही.

ती तरीही मुलाखतीला गेली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. ती बाहेर आली. बस स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. तिथं म्हणाली, "सगळी उत्तरं बरोबर दिली, सर. मग त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला. एकमेकांकडं बघितलं आणि म्हणाले, या तुम्ही."

मी पुण्याला फोन लावला. तोवर सबनीस हेड ऑफिसात बढतीवर गेला होता. साहेब मीटिंगमधे. परत लावला, साहेब दौऱ्यावर. शेवटी मी रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी त्याच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याला बाहेर यावंच लागलं.

"हेड ऑफिसचा फॉरमॅट आहे तो," तो म्हणाला. "कारण लिहावंच लागतं."

"कारण लिहा ना. खरं कारण लिहा. तुम्ही पी दाबला आणि बघितलं नाही, असं लिहा."

"आवाज कमी करा, प्लीज."

"तुमच्या ऑफिसात सगळ्याचाच आवाज कमी पाहिजे असतो तुम्हाला!"

वॉचमननं माझा दंड धरला. मी तो झटकला. पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. त्या कंपनीनं परत माझ्याकडून ऑपरेटर घेतले नाहीत, ते मला चाललं.

शोभाला सरकारी नोकरी त्यानंतरही लागली नाही. दरवेळी अनुभवाचा कागद मागायचे. तो दाखवला तर शेवटची ओळ दिसायची, आणि न दाखवावा तर मधली वर्षं रिकामी दिसायची. मग वय गेलं. तिनं मुदखेडला कॉम्प्युटरचे क्लास काढले, ते चांगले चालले. तिनं शिकवलेली पोरं आज पुण्यात, हैदराबादेत मोठ्या कंपन्यांत आहेत. लोक मला म्हणतात, झालं की मग तिचं चांगलं, कशाला जुनं उकरता? चांगलं झालं ते तिच्या हिमतीनं. त्याचं पुण्य सबनीसच्या खात्यावर मी जाऊ देणार नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. माझी तक्रार चुकीबद्दल नाही. घाईत, फोन कानाला असताना, सवयीच्या बोटांनी झालेली ती चूक कोणाकडूनही होईल. तो माणूस त्या दिवशी गावांना पाणी मिळावं म्हणून पोस्टापर्यंत पळाला होता, हे मी विसरलेलो नाही. मी तर म्हणतो, तिथंच तो खरा होता. माझी तक्रार त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. ती घाईत लिहिलेली नव्हती. त्याला आठवडे मिळाले होते.

या धंद्यात शिकलो ते एवढंच: फाइल बदलायच्या आधी सेव्ह करा, पण सेव्ह करायच्या आधी काय करताय ते बघा. आणि माणूस घाबरलेला असला की त्याची दया जरूर करा, पण सही घेऊन करा.

आता सबनीस रिटायर झालाय असं ऐकतो. त्याची मुलगी मोठी झाली असेल, नोकरीला लागली असेल, कोणीतरी तिलाही सर्टिफिकेट दिलं असेल. मला त्याच्याकडून माफी नको आहे. पैसा नको आहे. मुदखेडला शोभा आजही राहते, पत्ता कोणीही सांगेल. सबनीस, चूक तुमची होती हे तुम्ही टपरीवर दोन माणसांसमोर कबूल केलं होतंत. मग त्या कागदावर 'निष्काळजीपणा' हा शब्द कोणाच्या सांगण्यावरून आला? तुमच्या मनानं लिहिलात, की वरून सांगितलं? वरून सांगितलं असेल तर त्या वरच्याचं नाव सांगा. पण तिच्यासमोर उभं राहून सांगा.